आरोपगर्भ प्रश्न आणि सुरतेची दोन निवेदने

वादातून तत्त्वबोध होतो, असे आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो आहोत. परंतु ज्याने चार सार्वजनिक सभा पाहिल्या आहेत, एखाद्या संस्थेची किंवा देवस्थानाची वार्षिक बैठक शेवटपर्यंत बसून ऐकली आहे, त्यास तेथे तत्त्वबोधापेक्षा वैरबोधच अधिक झालेला आढळतो. लोक भावनावश होतात, आवाज चढवितात, म्हणून असे होते, हे याचे नेहमीचे निदान. मला ते पुरेसे वाटत नाही. आवाज न चढविताही वाद नासविता येतो. आणि तो नासविण्याचे सर्वांत सभ्य साधन म्हणजे प्रश्न होय.

‘संस्थेच्या मूळ ध्येयाशी द्रोह करण्याचे आपण कधी थांबविणार?’ ‘समाजाची फाटाफूट करून आपणांस काय मिळते?’ व्याकरणाच्या दृष्टीने ही वाक्ये प्रश्नार्थक आहेत. वस्तुतः ती विधाने आहेत. पहिल्या वाक्यात ‘तुम्ही द्रोह करीत आहात’ आणि दुसऱ्यात ‘तुम्ही फाटाफूट करीत आहात’ हे आधीच ठरवून टाकलेले आहे. उत्तर देणाऱ्याने कोणतेही उत्तर दिले तरी त्या गृहीताला त्याची संमती मिळते, आणि उत्तर न दिले तर मौनाचा अर्थ सर्वांस ठाऊकच आहे. अशा प्रश्नास मी आरोपगर्भ प्रश्न म्हणतो. त्याचा खरा दोष तो बोचतो हा नव्हे. विधान करणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी येते, प्रश्न विचारणारा मात्र ‘मी तर नुसते विचारले’ असे म्हणून मोकळा होतो. आरोप त्याचा आणि पुरावा दुसऱ्याने द्यावयाचा, असा हा उलटा व्यवहार आहे.

आपल्या परंपरेस हा प्रकार अपरिचित नव्हता. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे शास्त्रोक्त चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी छलादी उपायांनिशी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष पाडण्यासाठी चालते ती वितंडा. जो नुसते प्रश्नच विचारीत राहतो व स्वतःचे म्हणणे कधीही मांडीत नाही, तो वितंडा करतो, मग त्याची वाणी कितीही मृदू असो. छलाचे उदाहरण म्हणून वात्स्यायनाने घेतलेला ‘नवकंबल’ शब्द प्रसिद्ध आहे. बोलणाऱ्याच्या मनात ‘नवे कांबळे’ असते. प्रतिपक्षी ‘नऊ कांबळी’ असा अर्थ घेऊन ‘याच्याजवळ तर एकच आहे’ असे म्हणतो व त्यास खोटा ठरवितो. दुसऱ्याच्या शब्दात त्याच्या मनी नसलेला अर्थ घालावयाचा आणि मग त्या अर्थाचा जाब त्याला विचारावयाचा, ही आरोपगर्भ प्रश्नाचीच कला आहे.

बौद्ध आचार्यांनी दुसऱ्या बाजूने विचार केला. त्यांनी प्रश्नांचे चार वर्ग केले: ज्यांचे उत्तर सरळ एका शब्दात द्यावे असे; ज्यांचे भाग पाडून उत्तर द्यावे असे; उलट प्रश्न विचारून अर्थ स्पष्ट करून घ्यावा असे; आणि बाजूस ठेवून द्यावे असे. यांतील दुसरा वर्ग, भाग पाडून उत्तर देण्याचा, आपल्या विषयास फार जवळचा आहे. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

येथे एक शंका निघेल. वकिलाने तरी प्रश्नांची निंदा करू नये. त्याची उपजीविकाच त्यांवर चालते. पण न्यायालयातील नियमच या बाबतीत बोलके आहेत. १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असली, तरी यासंबंधीची जुनी तत्त्वे नव्या कायद्यानेही राखली आहेत. उत्तर सुचविणारा प्रश्न, ज्यास आम्ही सूचक प्रश्न म्हणतो, तो आपल्याच साक्षीदारास सरतपासणीत, प्रतिपक्षाने हरकत घेतल्यास, न्यायालयाच्या अनुज्ञेवाचून विचारता येत नाही. उलटतपासणीत मात्र विचारता येतो. म्हणजे सूचक प्रश्न सर्वत्र निषिद्ध नाही. परंतु साक्षीदाराच्या चारित्र्यावर आघात करणारा प्रश्न विचारावयाचा, तर त्या आरोपात तथ्य आहे असे मानण्यास विचारणाऱ्यापाशी वाजवी आधार असला पाहिजे. कायद्यातील दृष्टान्त मार्मिक आहे. ज्याच्याविषयी काहीच माहीत नाही अशा साक्षीदारास सहज मनास आले म्हणून ‘तू दरोडेखोर आहेस काय?’ असे विचारणे निराधार होय. परंतु त्याच अनोळखी माणसास त्याच्या चरितार्थाविषयी विचारले असता त्याने असमाधानकारक उत्तरे दिली, तर तोच प्रश्न साधार ठरू शकतो. निराधार प्रश्न विचारणाऱ्या वकिलाविषयी न्यायालय उच्च न्यायालयाकडे कळवू शकते.

या दृष्टान्तातील मर्म असे की, शब्द तेच असतात, प्रश्न तोच असतो. त्याची प्रामाणिकता त्याच्यामागच्या आधारावर आणि त्याच्या आधी विचारलेल्या साध्या प्रश्नांवर अवलंबून असते. कठोर प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळवावा लागतो. सार्वजनिक वादात हा अधिकार तपासणारा न्यायाधीश नसतो; म्हणून तेथे प्रश्नकर्त्यानेच स्वतःचा न्यायाधीश व्हावे लागते. हे न झाल्यास काय होते, याचे मराठी माणसाच्या इतिहासातील सर्वांत मोठे उदाहरण मी राहतो त्या भेस्तानापासून काही कोसांवर, तापीच्या काठी घडले. ते उदाहरण म्हणजे डिसेंबर १९०७ ची सुरतेची राष्ट्रीय सभा.

*

सुरतेच्या सभेत जोडा उडाला, एवढे बहुतेकांस आठवते. इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन याने तो प्रसंग प्रत्यक्ष पाहिला व लिहून ठेवला आहे. तो मराठी बनावटीचा जोडा सुरेंद्रनाथ बानर्जी यांच्या गालाला चाटून फिरोजशहा मेहतांना लागला, हे त्याच्या वृत्तांतामुळे अजरामर झाले. पण जोडा हा त्या वादाचा शेवट होता. त्याची सुरुवात एका प्रश्नापासून झाली, आणि त्या प्रश्नाचा अभ्यास करण्याचे साधन आपल्यापाशी आहे. सभा मोडल्यावर दोन्ही पक्षांनी आपापली निवेदने प्रसिद्ध केली. नेमस्तांच्या निवेदनावर नियोजित अध्यक्ष रासबिहारी घोष, स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी, दिनशा वाच्छा आणि नामदार गोखले यांच्या सह्या आहेत. राष्ट्रीय पक्षाच्या निवेदनावर लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे, अरविंद घोष आणि त्यांचे दोन बंगाली सहकारी यांच्या. पुढे गोखल्यांनी टिळकांच्या पक्षाच्या निवेदनास स्वतंत्र उत्तर दिले. वादाचे वाङ्मय म्हणून हे लेख एकत्र वाचावेत, अशी माझी वाचकांस विनंती आहे. आपल्याकडे टीकाकारांचे लक्ष निबंधमालेच्या शैलीकडे जाते, आगरकरांच्या त्वेषाकडे जाते; या कोरड्या निवेदनांकडे कोणी वळत नाही. परंतु दोन अत्यंत बुद्धिमान, अत्यंत निःस्वार्थी माणसे एकमेकांस समजून घेण्यात कशी अपयशी ठरली, हे जितके येथे स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९०६ मध्ये कलकत्त्यास दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांविषयीचे चार ठराव संमत झाले. पुढील अधिवेशन नागपुरास ठरले होते. तेथील स्वागत मंडळात तंटा झाल्यावर ते सुरतेस हलविण्यात आले. अध्यक्षपदी लाला लजपतराय असावेत अशी राष्ट्रीय पक्षाची इच्छा होती. लालाजी त्या स्पर्धेतून स्वतः दूर झाले. अशा वातावरणात, कलकत्त्याचे चार ठराव सुरतेत मागे घेतले जाणार किंवा सौम्य केले जाणार, अशी शंका टिळकांच्या पक्षात बळावली. सुरतेस आल्यावर टिळकांनी आपली मागणी उघड सांगितली: राष्ट्रीय सभा मागे पाऊल घेणार नाही असे आश्वासन द्या, म्हणजे आम्ही अध्यक्षांच्या निवडणुकीस विरोध करणार नाही.

ही मागणी आरोपगर्भ होती काय? होती. ‘मागे जाणार नाही असे वचन द्या’ असे म्हणताना ‘तुम्ही मागे जाण्याच्या बेतात आहात’ हे गृहीत धरलेले होते. वचन देणाऱ्याने त्या संशयाची कबुली दिल्यासारखे होणार, आणि न देणाऱ्याने तो खरा ठरविल्यासारखे होणार. शिवाय ठरावांचे अंतिम शब्द विषयनियामक समितीने आणि सभेने ठरवावयाचे. त्याबद्दल आगाऊ हमी कोणी व कशी द्यावी, हा नेमस्तांच्या बाजूचा युक्तिवादही पोकळ नव्हता.

पण ती मागणी निराधार होती काय? नव्हती. याच वर्षी सुरतेतच झालेल्या मुंबई प्रांतिक परिषदेत बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण हे विषय वगळले गेले होते, याकडे राष्ट्रीय पक्षाचे निवेदन बोट दाखविते. ठरावांचे मसुदे गोखल्यांनी तयार केले होते. ते छापून हाती येण्यास इतका विलंब झाला की, सभा भरण्याच्या सुमारासच ते टिळकांस पाहावयास मिळाले. आणि पाहिले तो शब्द खरोखरच बदललेले! स्वदेशीच्या ठरावातील ‘थोडा त्याग करावा लागला तरी’ या अर्थाचे शब्द गळाले होते. बहिष्काराच्या ठरावात कलकत्त्यास बंगालमधील ‘बहिष्काराची चळवळ’ न्याय्य म्हटली होती. सुरतेच्या मसुद्यात तिच्या जागी ‘परदेशी मालाचा बहिष्कार’ आला होता. कायद्याच्या दृष्टान्तातील भाषेत बोलावयाचे, तर साक्षीदाराचे पहिले उत्तर असमाधानकारक होते. पुढचा कठोर प्रश्न विचारण्यास वाजवी आधार होता.

येथपर्यंत लोकमान्यांची बाजू भक्कम आहे, असे माझे मत आहे. चूक होते ती यापुढच्या पायरीवर. शब्द बदलले, ही वस्तुस्थिती झाली. त्या बदलाने ठरावाचे तात्पर्य बदलते काय, हा अर्थाचा प्रश्न झाला. आणि तो बदल कोणत्या मनाने केला, हा हेतूचा प्रश्न झाला. वस्तुस्थिती, अर्थ आणि हेतू या तीन निरनिराळ्या पायऱ्या असून प्रत्येकीचा पुरावा निराळा असतो. राष्ट्रीय पक्षाचे निवेदन वाचताना असे दिसते की, ते पहिल्या पायरीवरून एकदम तिसरीवर जाते. अधिवेशन नागपुराहून हलले, त्यातही हेतू. मसुदे उशिरा छापले, त्यातही हेतू. तडजोडीसाठी स्वागताध्यक्षांस भेटावयास गेले असता मालवी धर्मकृत्यात गुंतले असल्याचे सांगण्यात आले, त्यातही हेतू. यांतील प्रत्येक गोष्ट खरी असूनही तिला निरुपद्रवी कारण असू शकते, हा विचार त्या लेखात जवळजवळ कोठेच येत नाही. तर्काची घट्ट वीण हे टिळकांच्या गद्याचे बळ होय. येथे तीच वीण इतकी घट्ट झाली आहे की, तीतून योगायोगास आत येण्यास वाट राहिलेली नाही.

नेमस्तांनी तरी याहून बरे केले काय? त्यांनी उलट आरोपगर्भ प्रश्न केला: ‘तुम्ही सभा मोडण्यासाठीच आला आहात ना?’ या प्रश्नासही थोडा आधार होता. २६ डिसेंबरला अंबालाल साकरलाल देसाई यांनी घोषबाबूंचे नाव सुचविल्यावर अनुमोदनास उठलेल्या सुरेंद्रनाथांना गोंधळामुळे बोलता आले नाही व सभा तहकूब करावी लागली, ही गोष्ट खोटी नव्हे. पण या प्रश्नानेही वस्तुस्थितीवरून हेतूवर तीच उडी घेतली, आणि तिचे फळ दुसऱ्या दिवशी दिसले. २७ तारखेस टिळकांनी मालवींकडे आगाऊ चिठ्ठी पाठविली की, अध्यक्षांच्या निवडीवर अनुमोदन झाल्यानंतर तहकुबीची उपसूचना मांडून मला काही विधायक सूचना करावयाची आहे. चिठ्ठीस उत्तर मिळाले नाही. सुरेंद्रनाथांचे भाषण झाले, मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला, घोषबाबू अध्यक्ष झाल्याचे घोषित झाले; आणि टिळक व्यासपीठावर गेले तेव्हा त्यांची सूचना नियमबाह्य ठरविण्यात आली. ती खरोखर नियमबाह्य होती की नव्हती, यावर दोन्ही निवेदनांत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. सभाशास्त्राच्या दृष्टीने तो वाद मनोरंजक असेल. पण ज्यास आपण विघातक ठरवून बसलो आहोत, त्याच्या चिठ्ठीतील ‘विधायक’ हा शब्द आपल्या डोळ्यांस दिसतच नाही, ही त्यातील खरी शोकांतिका आहे. त्यानंतर खुर्च्या, काठ्या, जोडा आणि पोलीस. जोडा कोणी फेकला ते अखेर ठरले नाही. दोन्ही पक्षांनी मात्र त्यात आपापल्या संशयाचा पुरावा पाहिला; एकाने दंगलखोरांकडे बोट दाखविले, दुसऱ्याने भाडोत्री गुंडांकडे.

आता गोखल्यांच्या उत्तराकडे वळू. माझ्या मते या सर्व वाङ्मयात तेच सर्वांत शिकण्यासारखे आहे, आणि तेच सर्वांत उशिरा आलेले आहे. गोखले संतापलेले आहेत. आपल्या प्रामाणिकपणावर घेतलेला संशय त्यांच्या जिव्हारी लागला आहे. तरीही ते प्रश्नाचे भाग पाडतात. स्वदेशीच्या ठरावातील शब्द गळाले ते अनवधानाने. कलकत्त्याच्या ठरावांची जी छापील प्रत त्यांच्यापुढे होती तीतच ते नव्हते. बहिष्काराच्या ठरावातील शब्द मात्र त्यांनी जाणूनबुजून बदलले. कारण ‘चळवळ’ या शब्दाचा बिपिनचंद्र पाल यांनी कलकत्त्यास इतका विस्तृत अर्थ केला होता की, मालापुरता मर्यादित असलेला बहिष्कार कोठच्या कोठे जाऊ लागला. म्हणजे ‘तुम्ही ठराव बदलले काय?’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘होय’ही नव्हते आणि ‘नाही’ही नव्हते. एके ठिकाणी ‘चुकून’, दुसऱ्या ठिकाणी ‘होय, आणि त्याचे कारण हे’ असे ते होते. मघाशी सांगितलेला भाग पाडून उत्तर देण्याचा वर्ग तो हाच.

हे उत्तर २४ डिसेंबरला मिळाले असते तर? राष्ट्रीय सभा दुभंगली नसती, असे मी म्हणणार नाही. दोन पक्षांतील अंतर शब्दांपुरते नव्हते. सनदशीर मार्गाने हळूहळू सुधारणा व्हावी की लोकांच्या संघटित दडपणाने सरकारला नमवावे, हा मूळ मतभेद होता, आणि तो आज ना उद्या उघड व्हावयाचाच होता, असे अनेक विचारवंतांनी म्हटले आहे. ते खरे मानले तरी माझे म्हणणे बाधित होत नाही. वाटणी अटळ असली तरी ती खऱ्या मिळकतीची व्हावी. बहिष्कार बंगालपुरता की सर्व देशात, मालापुरता की सरकारच्या सर्व व्यवहारांत, हा त्या वर्षीचा सर्वांत मोठा राष्ट्रीय प्रश्न होता. त्यावर टिळकांनी आणि गोखल्यांनी सुमारे सोळाशे प्रतिनिधींसमोर आपापली बाजू मांडली असती, तर ती चर्चा आज पाठ्यपुस्तकांत असती. ती चर्चा झालीच नाही. तिच्याऐवजी ‘तुम्ही द्रोही आहात ना?’ आणि ‘तुम्ही दंगेखोर आहात ना?’ हे दोन प्रश्न एकमेकांवर आदळले. एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादेस नेमस्तांनी प्रवेशास ध्येयपत्रिकेची अट घातली. जुलैत टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले ते १९१६ मध्ये लखनौस. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजीच निवर्तले होते. त्यांच्या अंत्यसंस्कारास टिळक आले आणि त्यांनी मृताचा मनापासून गौरव केला. तो गौरव खोटा होता असे कोणी म्हणत नाही. म्हणजे गोखल्यांच्या हेतूविषयी अखेरचा निर्णय देण्याची वेळ आली, तेव्हा टिळकांनीही तो त्यांच्याच बाजूने दिला.

*

ही जुनी कथा आज उगाळण्याचे कारण असे की, प्रस्तुत मासिक मराठी आणि कोंकणी अशा दोन भाषांचे आहे आणि आपल्या वाचकवर्गाने याच जातीचा प्रश्न दीर्घकाळ सोसला आहे. सुरतेच्या दक्षिणेस असलेले दमण आणि खाली गोवा येथे १६ जानेवारी १९६७ रोजी एकाच दिवशी जनमतकौल घेण्यात आला. गोव्यात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पाने म्हणजे संघप्रदेश, अशी दोन चिन्हे होती. १,७२,१९१ मते संघप्रदेशास पडली व १,३८,१७० विलीनीकरणास. कागदावरचा प्रश्न केवळ राज्यकारभाराचा होता. स्वतंत्र घटकराज्य हवे काय, हे त्यावर विचारलेलेच नव्हते, आणि मराठी किंवा कोंकणी यांविषयी तर त्यावर एक अक्षरही नव्हते. घटकराज्य पुढे ३० मे १९८७ रोजी आले. पण मतपत्रिकेवर नसलेल्या प्रश्नांची उत्तरे तीतून काढण्याचा उद्योग दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे चालविला. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यास ‘अजून विलीनीकरणाचे स्वप्न पाहता काय?’ असे विचारले गेले. कोंकणीचा अभिमान बाळगणाऱ्यास ‘देवळातले मराठी कीर्तन बंद करावयाचे आहे काय?’ असे. दोघांनीही ते म्हटले नव्हते. हा सरळ सरळ ‘नवकंबल’ आहे.

‘कोंकणी ही भाषा की मराठीची बोली?’ हा प्रश्नही पाहावा. यात वस्तुस्थिती आहे: व्याकरण, ध्वनी, शब्दसंग्रह यांची, आणि तिची तपासणी भाषाशास्त्रज्ञ करू शकतात. यात अर्थ आहे: ‘भाषा’ म्हणजे काय आणि ‘बोली’ म्हणजे काय, याची व्याख्या, ती ठरविल्यावाचून पुढे जाताच येत नाही. आणि यात हेतू आहे: विचारणारा खालच्या पायरीवर बसवू पाहतो की काय, ही भीती. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीस राजभाषा केले व मराठीच्या सरकारी वापरासही जागा ठेवली, १९९२ मध्ये कोंकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. व्यवहारापुरता निकाल लागला. तरीही घराघरांतील कटुता संपत नाही. कारण ती पहिल्या दोन पायऱ्यांवर कधी नव्हतीच. ज्या घरी आई कोंकणीत अंगाई गाते आणि आजोबा मराठी पोथी लावतात, त्या घरच्या मुलास ‘तुझी खरी भाषा कोणती ते एकदाचे सांग’ असे म्हणणे म्हणजे त्याच्या घराचा अर्धा भाग खोटा ठरविणे होय. भेस्तान, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे निराळ्या रूपात भोगावे लागते: ‘तुम्ही नक्की गुजरातचे की महाराष्ट्राचे?’ असे विचारणाऱ्यास बहुधा गावाचे नाव नको असते, निष्ठेचा दाखला हवा असतो. अशा प्रश्नांस एका शब्दात उत्तर देऊ नये. त्यांचे भाग पाडावेत, आणि भाग पाडताना त्यांतला खरा भाग असेल तो मान्य करावा.

हे शेवटचे वाक्य मला विशेष महत्त्वाचे वाटते. आरोपगर्भ प्रश्नाविरुद्ध लिहिताना उत्तर देणाऱ्याच्या हाती एक पळवाट देण्याचा धोका असतो. ‘तुमचा प्रश्नच दूषित आहे’ असे म्हणून त्यातील साधार भागासही उत्तर नाकारता येते. देवस्थानाच्या सभेत एखादा महाजन किंवा भाविक उठतो आणि विचारतो, ‘जीर्णोद्धाराच्या निधीत घोटाळा का झाला?’ प्रश्न आरोपगर्भ आहे. पण त्यावर ‘देवाच्या कामात संशय घेता, तुमची श्रद्धा कोठे गेली?’ असे उत्तर मिळाले, तर तोही तितकाच आरोपगर्भ प्रश्न होतो, आणि शिवाय त्याच्याआड हिशेबाची वही झाकली जाते. प्रश्नकर्त्याने म्हणावयास हवे होते: ‘अमुक पानावरील रक्कम आणि तमुक पावत्यांची बेरीज जुळत नाही; खुलासा व्हावा.’ विश्वस्तांनी म्हणावयास हवे होते: ‘घोटाळा हा शब्द आम्हांस मान्य नाही, पण बेरीज जुळत नाही हे खरे असेल तर त्याचे कारण सांगणे आमचे कर्तव्य आहे, ही घ्या वही.’ मंदिरास भक्तीइतकाच विश्वासही लागतो, आणि तो खुलाशाने वाढतो.

न्यायसूत्रकारांनी जल्प आणि वितंडा यांस अगदीच हद्दपार केले नाही, हेही सांगितले पाहिजे. कोवळ्या अंकुरांच्या रक्षणार्थ जसे काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसे तत्त्वाच्या रक्षणार्थ त्यांचा उपयोग करावा, असे ते म्हणतात. समोरचा जाणूनबुजून लपवीत असेल, सत्ता त्याच्या हाती असेल, साध्या प्रश्नांची उत्तरे तो टाळीत असेल, तर टोकदार प्रश्न विचारणे हा दोष नसून धर्म ठरतो. सुरतेस मसुदे वेळेवर हाती पडत नव्हते, तेव्हा टिळकांनी सौम्यच बोलावयास हवे होते असा उपदेश करणे सोपे आहे. तो मी करीत नाही. पण कुंपण हे रोपासाठी असते. काट्यांचे कौतुक इतके वाढले की रोपाची आठवण राहिली नाही, तर शेत कोणाचेच उरत नाही.

म्हणून एक लहानशी सूचना करतो. आपल्या संस्थांच्या, देवस्थानांच्या आणि साहित्यसभांच्या बैठकांत चिटणिसाने वादग्रस्त प्रश्न इतिवृत्तात टिपताना तो तीन ओळींत टिपावा: काय घडले असे प्रश्नकर्त्याचे म्हणणे आहे; त्याचा अर्थ तो काय लावतो; आणि हेतूविषयी त्याचा काही आरोप आहे काय, असल्यास आधार कोणता. ज्या ओळीस आधार नसेल ती प्रश्नकर्त्यानेच खोडावी. मग उत्तर देणाऱ्याने पहिल्या ओळीपासून क्रमाने उत्तर द्यावे, आणि दुसरी ओळ संपेपर्यंत तिसरीला हात लावू नये. यामुळे सभा कंटाळवाण्या होतील, हे मला ठाऊक आहे. तीस मिनिटांत संपणारी बैठक दोन तास चालेल. पण सुरतेची दोन्ही निवेदने शेजारी ठेवून जो वाचील, त्यास त्या दोन तासांची किंमत फार वाटणार नाही.